चार डबे आणि एक ताळा

दर आठवड्याला या सदरात मी एखाद्या शब्दाची गोष्ट सांगतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. दिवाळी अंकासाठी संपादकांनी बजावले, "यंदा पाने जास्त आहेत, शब्द जरा मोठा घ्या." मी घेतला तो मात्र दोनच अक्षरांचा. ताळा.

दिवाळी आणि ताळा यांचे नाते जुने आहे. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजायच्या आणि पाडव्याला नवी वही उघडायची, तर त्याआधी जुन्या वहीचा ताळा जुळलेला हवा. ताळेबंद हा शब्द त्यातूनच आला. लहानपणी वडिलांनी मला नवाचा ताळा शिकवला होता. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. आता पडताळा पाहायचा. २३ चे अंक मिळवून ५, १४ चेही ५. पाच पाचे पंचवीस, त्याचे ७. इकडे ३, २ आणि २ मिळून ७. जुळला. न जुळला तर गणित चुकले, हे नक्की. पण कोठे चुकले ते हा ताळा सांगत नाही आणि पुसून गेलेला अंकही परत आणून देत नाही. पुसलेले परत आणून देणारा एक ताळा असतो, हे मला यंदाच्या वैशाखात कळले. कळले ते साखऱ्याच्या एका ओसरीवर, आणि फार धडधडत्या काळजाने कळले.

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले गाव. माझी ताई तिथे दिलेली. तिच्या सासूबाईंना मी मावशी म्हणत असे. मावशींना लिहितावाचता येत नव्हते, पण जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येत होत्या याची मोजदाद मला शेवटपर्यंत जमली नाही. गिरणी आली, जाते परसदारी पालथे पडले, तरी ओव्या गेल्या नव्हत्या. हळद निवडताना, वाती वळताना त्या गुणगुणत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी वर्षानुवर्षे हिंडून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचे काम पाहून मलाही हुरूप आला आणि दर सुट्टीत मी एक लहानसे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन साखऱ्याला जाऊ लागलो. नऊ वर्षे गेलो. गेल्या पौषात मावशी वारल्या.

ही सारी मुद्रणे मी कशात ठेवली होती? तर चार डिस्कांच्या एका डब्यात. डबा म्हणजे साधारण पावाच्या मोठ्या लादीएवढी पेटी, तिला समोरून चार खण आणि प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले होते, "सर, यातली एक डिस्क गेली तरी तुमचे काही जात नाही." हे वाक्य मला इतके आवडले की मी निर्धास्त झालो. यंत्रातली लहान कार्डे पुसून पुसून पुन्हा वापरू लागलो. अर्थात मावशींचा आवाज आता जगात फक्त त्या डब्यात होता.

वैशाखात एके सकाळी डब्याचा तांबडा दिवा लागला. संगणकावर निरोप आला: एसडीसी नावाची डिस्क निकामी झाली आहे, बदलावी. मी मराठीचा मास्तर. ए, बी, सी, डी. सी म्हणजे तिसरी. डावीकडून तिसरा खण मोजला आणि डिस्क ओढून काढली. तत्क्षणी डब्याने मान टाकली. पडद्यावर एकही फाइल दिसेना. वर एक नवे बटण मात्र मोठ्या अगत्याने दिसू लागले: "नव्याने रचना करा". माझे बोट त्या बटणावर जाऊन टेकले होते. दाबण्यापूर्वी भाच्याला फोन करावा, एवढी बुद्धी कोणी दिली कोण जाणे.

भाचा पुण्यात संगणकाचे काम करतो. घरच्या लग्नासाठी तो साखऱ्याला आला होता. माझे सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "मामा, हात काढा तिथून. कशालाच हात लावू नका. डबा बंद करा आणि आहे तसा इकडं घेऊन या."

"अरे, पण आजीचा आवाज..."

"म्हणूनच म्हणतो, हात लावू नका."

टॉवेलात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन मी एस.टी.ने हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव आणि तिथून साखरा गाठले. वाटेत खड्डा आला की माझा जीव वरखाली होई. शेजारच्या बाईंनी विचारले, "सर, देव आहेत का वो त्यात?" मी हो म्हणालो.

ओसरीवर सतरंजी अंथरून भाच्याने डबा पुढ्यात घेतला आणि म्हणाला, "आधी एक छोटी स्क्रिप्ट लिहितो."

मराठीच्या माणसाला स्क्रिप्ट म्हटले की एक तर लिपी आठवते, नाही तर नाटकाची संहिता. मी म्हणालो, "अरे, ही वेळ आहे का?" तो हसला. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकापाठोपाठ एक विचारायच्या प्रश्नांची चिठ्ठी, हे त्याने समजावले. बाजाराला जाणाऱ्या पोराच्या हातात आपण यादी देतो, तशी. त्याची यादी फार तर पंधरा ओळींची होती आणि तिच्यात प्रत्येक डिस्कला तीनच प्रश्न होते. कारखान्याने तुझ्यावर छापलेला अनुक्रमांक कोणता? तुझ्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे या चौघींत तू कितवी? आणि तुझी वही कितव्या नोंदीपर्यंत भरलेली आहे? उत्तरे आली की त्यांचे चार चौकोनांचे चित्र काढायचे, जसे खण समोर दिसतात तसे. एवढेच तिचे काम.

"पण एसडीसी म्हणजे तिसरी नव्हे काय?"

"नाही ना, मामा! तेच तर सगळ्यांचं चुकतं. एसडीए, एसडीबी ही काही पक्की नावं नाहीत. यंत्र सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल ती ए, पुढची बी. रांगेत जो आधी आला त्याचा नंबर पहिला. उद्या रांग बदलली की नंबर बदलला. पक्का तो अनुक्रमांक. तो डिस्कच्या अंगावर चिकटवलेला असतो."

मग एकेक डिस्क बाहेर काढून तो अनुक्रमांक मोठ्याने वाचू लागला आणि ताईने प्रत्येक खणावर खडूने तो लिहिला. काढलेली डिस्क ज्या खणातली त्याच खणात परत गेली. डबा सुरू केला, स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर चार चौकोन उमटले. आजारी डिस्क होती दुसऱ्या खणात. मी ओढून काढली होती ती तिसऱ्या खणातली, धडधाकट. एवढेच नव्हे, आजारी डिस्कचे नावही त्या दिवशी एसडीसी राहिले नव्हते. ती एसडीबी झाली होती!

ताई पदराने हात पुसत म्हणाली, "म्हणजे दुखणं एका दाताचं आणि उपटला दुसराच."

"पण एक गेली तरी काही जात नाही म्हणाले होते," मी कुरकुरलो.

"एक, मामा. तुम्ही दुसरी काढलीत."

आता एक गेली तर का जात नाही आणि दोन गेल्या तर का जाते, हे मला समजून घ्यायचे होते. भाच्याने ताईच्या फडताळातले चार डबे आणून ओळीने मांडले. तुरीच्या डाळीच्या डब्यावर लिहिले ७, मुगाच्या डब्यावर ४, हरभऱ्याच्या डब्यावर ९. चौथा रिकामा डबा घेऊन त्यावर लिहिले २०.

"हा चौथा ताळ्याचा डबा. आता यातला कोणताही एक डबा हरवला समजा. मुगाचा हरवला. वीसातून सात आणि नऊ वजा करा. राहिले चार. हरवलेला आकडा मिळाला. आणि चौथाच हरवला तर? पुन्हा बेरीज करा. पण दोन डबे हरवले तर बेरजेवरून दोघांचे आकडे सांगता येतील का?"

"नाही," मी म्हणालो. तुरीचे ७ आणि मुगाचे ४, की ६ आणि ५, की १० आणि १? बेरीज ११ एवढेच कळणार.

ताईला हे पटेना. "अरे, आकडा कळून काय करू? आकड्यावरून डाळ कशी परत येणार?"

शंका चोख होती. भाचा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आई, डाळ नाही येणार. पण डिस्कमध्ये डाळ नसतेच. आकडेच असतात. आजीचा आवाजसुद्धा त्यात आकडेच करून ठेवलेला आहे. त्यामुळं आकडा परत आला की आवाज परत आला."

खरे यंत्र बेरीजही करीत नाही. त्याचे सारे आकडे शून्य आणि एक यांचे. तीन डिस्कांतल्या एकाच जागेवरचे तीन अंक पाहायचे. त्यांत एकांची संख्या विषम असेल तर ताळा १, सम असेल तर ०. म्हणजे चारही मिळून एकांची संख्या नेहमी सम राहते. तीन देवळ्यांत काही पणत्या लावल्या आणि चौथ्या देवळीत पेटत्या पणत्यांची संख्या सम होईल अशा बेताने लावली किंवा न लावली, तर कोणतीही एक देवळी झाकली तरी तिच्यात पणती पेटती आहे की नाही, हे बाहेरून सांगता येते. हे काम कोट्यवधी जागांवर एकामागून एक करायचे, एवढाच फरक. हातचा नाही, वजाबाकी नाही, म्हणून यंत्राला ते सोपे जाते.

मग भाच्याने स्क्रिप्टमध्ये आणखी चार ओळी घातल्या आणि मांडणीचे चित्र छापून दाखवले. मोठी फाइल अखंड एका डिस्कवर बसत नाही. तिचे सारखे तुकडे करून ते ओळीने वाटले जातात. आमच्या डब्यातली मांडणी अशी होती:

पहिला खण | दुसरा खण | तिसरा खण | चौथा खण
१ | २ | ३ | ताळा
५ | ६ | ताळा | ४
९ | ताळा | ७ | ८
ताळा | १० | ११ | १२

मी हे चित्र बराच वेळ पाहत राहिलो. ताळा दर ओळीला एकेक खण डावीकडे सरकतो आणि त्या ओळीचा पहिला तुकडा त्याच्या उजवीकडून सुरू होतो. "हा ताळा असा का हिंडतो? एकाच डिस्कवर का ठेवीत नाहीत?"

उत्तर ताईनेच दिले. "एकाच सुनेनं रोज भांडी घासायची होय रे? पाळी नको का?" अगदी तेच कारण. कोणताही तुकडा बदलला की त्या ओळीचा ताळा बदलावा लागतो. सारे ताळे एकाच डिस्कवर ठेवले तर दर लिखाणाला तिलाच राबावे लागेल आणि बाकीच्या तिची वाट पाहत बसतील. म्हणून पाळी.

याच चित्रावरून ते अगत्याचे बटण किती घातकी होते, तेही कळले. नव्याने रचना करताना डिस्कांचा क्रम उलटसुलट झाला असता, तर १ नंतर ३, मग ताळा, मग २ असे वाचले गेले असते. ज्ञानेश्वरीची पाने विस्कटून पुन्हा बांधावी, तसे. वर ताळे नव्याने लिहिले गेले असते ते जुन्या तुकड्यांवर. प्रत्येक डिस्क आपला क्रम स्वतःजवळ लिहून ठेवते, पण बटण दाबले असते तर ती नोंदसुद्धा पुसली जाण्याचा धोका होता.

या साऱ्या विद्येचे नाव रेड. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. मोठ्या संगणकांना लागणारी एक भली महाग डिस्क घेण्याऐवजी लहान स्वस्त डिस्कांची रांग लावली तर? काम जलद होईल. पण दहा डिस्क असल्या की त्यांतली एखादी बिघडण्याचा संभवही तितका वाढतो, म्हणून थोडी जागा ताळ्यासाठी राखावी. निबंधात त्यांनी रांगेचे पाच प्रकार मांडले आणि हिंडता ताळा हा त्यांतला पाचवा. गंमत अशी की नावातला "स्वस्त" हा शब्द पुढे व्यापाऱ्यांना परवडेना. त्याच्या जागी "स्वतंत्र" आला. शब्द बदलला आणि अद्याक्षर तेच राहिले! मराठीच्या मास्तराला यात विशेष आनंद वाटला तर वाचकांनी माफ करावे.

आता पुढे काय झाले? स्क्रिप्टच्या तिसऱ्या प्रश्नाने आम्हांला वाचवले. मी उपटलेल्या डिस्कची वही इतर दोन चांगल्या डिस्कांच्या मागे होती, पण अगदी थोड्या नोंदींनी. "हिच्यावर काही फारसं लिहायचं राहून गेलेलं नाही," भाचा म्हणाला. आजारी डिस्क बाजूला काढून त्याने डब्याला सांगितले, या तिघींना एकत्र घे, ही थोडी मागे आहे ते चालेल, मात्र काही लिहू नकोस, फक्त वाच. आणि पहिले काम काय केले असेल? मुद्रणे सोबत आणलेल्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. दुरुस्ती नंतर, उतारा आधी. संध्याकाळी वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरच्या आवाजाकडे आम्ही तिघे कान लावून बसलो होतो.

उतारा पुरा झाल्यावर भाच्याने सहज म्हणून एक मुद्रण लावले. आधी जात्याची घरघर, मग खाकरणे आणि मग मावशींचा आवाज: "लागलं का तुमचं मशीन? म्हणू का?" ताई उठून आत गेली. भाचा डब्याकडे पाहत राहिला. मला तर बोलताच येईना.

डबा बिघडला त्या घटकेला मी एक फाइल त्यात ठेवीत होतो, तेवढी अर्धवट निघाली. तिची दुसरी प्रत माझ्याकडे होती. बाकी सारे परत मिळाले. मग नवी डिस्क आणून दुसऱ्या खणात बसवली. तिघींच्या आकड्यांवरून चौथीचे आकडे काढून लिहीत डबा रात्रभर, जवळजवळ आठ तास राबला.

त्या रात्री अंगणात बाजेवर पडल्यापडल्या भाचा म्हणाला, "मामा, एक लक्षात ठेवा. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्क बिघडली तर ताळा उपयोगी. पण तुम्ही चुकून एखादी फाइल पुसलीत, तर ती चूकही तो डबा इमानानं चारी खणांत लिहितो. डबाच चोरीला गेला, आग लागली, तर ताळाही त्याच्याबरोबर गेला. दुसरी प्रत दुसऱ्या गावी पाहिजे."

हे ऐकले आणि मला वर्गात दरवर्षी शिकवतो तो धडा आठवला. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी दारोदार हिंडून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गहाळ झाली. तरी ग्रंथ वाचला, कारण तो अनुयायांच्या तोंडी होता. हिराइसेला तो पाठ होता म्हणतात. तिच्या आणि इतरांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला, म्हणून आज त्याचे निरनिराळे पाठ आहेत. पोथी एका झोळीत होती, पण माणसे वेगवेगळ्या गावी होती. पुढे प्रती वाढल्या की पाठभेद वाढतात, हाही अनुभव आपलाच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करायला घेतला, तो त्यासाठीच. हे सारे मी वीस वर्षे मुलांना सांगत आलो. माझ्या स्वतःच्या घरातली पोथी मात्र एकाच झोळीत ठेवून निर्धास्त झोपलो होतो. त्या रात्री मी खऱ्या अर्थाने ताळ्यावर आलो.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी गल्लीतल्या एका वृद्ध बाईंकडे गेलो. त्या मावशींच्या जोडीने दळायला बसत असत. मुद्रण ऐकता ऐकता त्यांनी मध्येच थांबवले. "हे कडवं असं नाही. ती नेहमी इथं चुकायची." आणि त्यांनी आपली ओळ म्हणून दाखवली. कोणती बरोबर, हे सांगायला मावशी नाहीत. मी दोन्ही टिपून घेतल्या आहेत.

आता मुद्रणांच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या डब्यात, एक भाच्याकडे पुण्याला आणि एक साखऱ्याला ताईच्या फडताळात, हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यामागे. डब्याच्या चारी खणांवर अनुक्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत आणि स्क्रिप्टने काढलेले चित्र कागदावर छापून आतल्या झाकणाला लावले आहे.

वाचकहो, तुमच्या घरी कदाचित असा डबा नसेल. पण लेकीच्या लग्नाचे फोटो, नातवाचे पहिले बोबडे बोल, वडिलांचा आवाज असे काही तरी कोठल्या तरी एकाच फोनमध्ये, एकाच डिस्कवर पडून असेलच. पाडव्याला नवी वही उघडण्यापूर्वी त्याची एक प्रत काढा आणि दुसऱ्या घरी ठेवा. भाऊबीजेला बहिणीकडे जाणारच आहात. ओवाळणीच्या ताटात तेवढी एक लहानशी डिस्क ठेवायला जागा असते.